शुभारंभाच्या दिवशी नवा फक्त प्रेक्षक

प्रश्न असा आला आहे: "सांगलीत आमची हौशी नाट्यसंस्था आहे. आजवर एकांकिका केल्या, आता पहिल्यांदाच दोन अंकी नाटक बसवलंय. नऊ पात्रं, एक घर आणि एक सरकारी कचेरी अशी दोन स्थळं. शुभारंभाचा प्रयोग अठरा दिवसांवर आलाय. प्रयोग रात्री साडेआठला, नाट्यगृह त्याच दिवशी दुपारी ताब्यात मिळणार. तालमी बऱ्या होतात, पण सगळं एकत्र आल्यावर काय होईल या विचाराने झोप लागत नाही. या शेवटच्या दिवसांत नेमकं काय करावं?"

मी सव्वीस वर्षं रंगमंच व्यवस्थेचं काम करते आहे, व्यावसायिक नाटकांचं आणि प्रायोगिकही. शुभारंभाचे प्रयोग विंगेतून पाहिले, समोर बसून फारच कमी. त्यामुळे मी सांगेन ते विंगेतलं असेल. अभिनयाबद्दल तुमचा दिग्दर्शक बोलेल.

अठरा दिवस पुरतात. मात्र ते संवाद घासण्यात घालवू नका. संवाद तुमच्या मंडळींना आता झोपेतही येत असतील. पहिल्या प्रयोगाला नट अडखळतो तो सहसा पाठांतरात नाही, वस्तूंपाशी अडखळतो. नवी चप्पल, गरम चहा, अनोळखी पायरी, डोळ्यांवर पहिल्यांदाच आलेला उजेड. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक असते, पण एका संध्याकाळी पंचवीस गोष्टी नव्या आल्या की मनात भूमिकेला जागाच उरत नाही. म्हणून माझा एकच नियम आहे: शुभारंभाच्या दिवशी नटासाठी नवी गोष्ट एकच असावी, समोर बसलेला प्रेक्षक. बाकी दाराच्या कडीपर्यंत सगळं त्याच्या हातापायांच्या ओळखीचं झालेलं असावं.

हा नियम मला एका दाराने शिकवला. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. कौटुंबिक नाटक होतं. तालमीत दार म्हणजे दोन खुर्च्यांमधली फट. दुसऱ्या अंकात धाकटा मुलगा धावत घरात येतो आणि वडील गेल्याचं सांगतो, असा प्रवेश. दोन महिने तो नट त्या फटीतून धावत येत होता. प्रयोगाच्या दिवशी नेपथ्य आलं. देखणं होतं, सागवानी रंगाचं दार, पितळी कडी. पण ते उघडायचं विंगेच्या बाजूला. तो नेहमीच्या वेगाने आला आणि त्याने दार ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं, मग खांदा लावून रेटलं, आणि अख्खा फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी केलेली भिंत, वरपर्यंत थरथरला. प्रेक्षागृहात हशा. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी, दबक्या आवाजात "ओढ, ओढ" म्हणतेय, त्याच्या कानापर्यंत पोचत नाहीये. शेवटी दार उघडलं, तो आत गेला आणि "बाबा गेले" हे वाक्य त्याला हसणाऱ्या माणसांसमोर म्हणावं लागलं. प्रयोगानंतर तो रंगपटात भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याची काहीच चूक नव्हती. बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत हे नेपथ्यकाराला विचारणं माझं काम होतं.

तेव्हा आजच नेपथ्याचा नकाशा मापांसकट मागून घ्या आणि तालमीच्या हॉलच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीने आखा. भिंती कुठे, दार कुठे आणि कुठल्या बाजूला उघडतं, पायरी किती उंच. लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा उंच ओटा, नऊ इंचांची असेल तर तेवढ्या उंचीचं काहीतरी, अगदी लाकडी खोकी का होईनात, तिथे ठेवा. सोफा दिवाणाएवढा लांब असेल तर तालमीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या चालणार नाहीत, बाकडं आणा. जुन्या सामानाच्या दुकानात चौकटीसकट दार भाड्याने मिळालं तर फारच छान.

'घाशीराम कोतवाल'ची आठवण इथे होते. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने त्याचा पहिला प्रयोग केला. ब्राह्मणांची ती रांग कधी भिंत होते, कधी पडदा होते, मध्येच फुटते आणि मागचं दृश्य दिसतं. त्याच्या कल्पकतेबद्दल खूप बोललं जातं. मला मात्र त्यात आणखी एक शहाणपण दिसतं. तिथे माणसंच नेपथ्य होती, म्हणजे नेपथ्याची तालीम पहिल्या दिवसापासून होत होती. तुमचं नेपथ्य ट्रकमधून येणार आहे, ते तालमीला येत नाही. म्हणून त्याची जागा तरी तालमीत आणायची.

वस्तूंचंही तसंच. उद्यापासून प्रत्येक नटाने प्रयोगातल्याच चपला घालून तालीम करावी. चष्मा असेल तर चष्मा लावून. चहा प्यायचा असेल तर कपात खरंच काहीतरी ओतलेलं असावं, कारण रिकामा कप उचलणारा हात आणि भरलेला कप उचलणारा हात वेगळा असतो आणि तिसऱ्या रांगेपर्यंत तो फरक दिसतो. फाइल, किल्ल्या, पाकीट, जे जे हातात येतं ते खरं किंवा खऱ्याच्या वजनाचं द्या. तुमच्या नाटकात कचेरी आहे, म्हणजे कागद असणार. प्रत्येक कागदावर तो मजकूर खरोखर लिहा. नट पत्र वाचताना ब्लँक झाला तर तोच कागद त्याला वाचवतो, हे मी किमान चार वेळा पाहिलंय.

कपडे बदलायची घाई कुठे आहे का, ते शोधा. घरातून कचेरीत जाताना एखाद्या बाईंना साडी बदलायची असेल तर घड्याळ लावून ती तालीम स्वतंत्र करा, कमीत कमी दहा वेळा. ब्लाउजला हुकांच्या जागी प्रेस बटणं, साडीच्या निऱ्या आधीच शिवलेल्या, विंगेत एक मदतनीस तोंडात छोटी बॅटरी धरून. मदतनीस रोज तीच हवी. दोन बायकांचे हात एकमेकींना सरावतात, मग अंधारात बोलावंही लागत नाही.

आता तुमच्या नाटकातली खरी अडचण: दोन स्थळं. घराची कचेरी कशी होते? पूर्ण अंधार करून सामान बदलणार असाल तर तो बदल हा नाटकातला एक प्रवेशच आहे असं समजून बसवा. कोण काय उचलतो, कुठल्या विंगेतून येतो, कुठून जातो, रिकाम्या हाताने कुणीही जायचं नाही. माझा अनुभव असा की वीस सेकंदांपर्यंत प्रेक्षक अंधारात तुमच्याबरोबर असतो. त्यानंतर कुजबुज सुरू होते, मोबाईल उजळतात, आणि मग पुढचा प्रवेश शून्यापासून उभा करावा लागतो. वीस सेकंदांत बसत नसेल तर सामान कमी करा. कचेरीला एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायलींचा गठ्ठा पुरतो. कपाट नको.

प्रत्येक सामानाच्या पायांच्या जागा रेडियम टेपच्या नखाएवढ्या तुकड्यांनी दाखवा. घराच्या खुणा एका आकाराच्या, कचेरीच्या दुसऱ्या. पायरीच्या कडेला टेप हवीच. एक जुनी युक्ती सांगते: सामान हलवणाऱ्यांनी अंधार व्हायच्या अर्धा मिनिट आधी विंगेत डोळे मिटून उभं राहायचं. उजेड गेला की डोळे उघडायचे. बाकीचे चाचपडत असतात, यांना दिसत असतं.

नाट्यगृहाबद्दल माझं मत ठाम आहे. दुपारी ताबा घेऊन रात्री शुभारंभ करू नका. बहुतेक नाट्यगृहं सत्रांवर मिळतात, तेव्हा त्या दिवसाचं सकाळचं सत्रही घ्या. परवडत नसेल तर नेपथ्यातली एक भिंत कमी करा, जाहिरातीचा एक फलक कमी करा, पण ते सत्र घ्या. हिशोब बघा. नेपथ्य उभं करायला तीन ते चार तास. दिवे टांगून त्यांच्या दिशा पक्क्या करायला दोन-तीन तास, आणि ते काम नेपथ्य उभं राहिल्याशिवाय पुरतं होत नाही. प्रकाशयोजनाकाराला अंधार हवा असतो, नेपथ्यवाल्याला उजेड, दोघेही हातोडी आणि शिडी घेऊन एकाच जागेवर. आवाजाची चाचणी करणाऱ्याला शांतता हवी, ती तर कुणीच देत नाही. दुपारी एकला शिरलात तर या सगळ्यातून मोकळे व्हायला साडेसात वाजतात आणि नट मेकअप करून आयत्या वेळी पहिल्यांदा पायरी चढतात.

सकाळी आठला शिरलात तर दुपारी दोनपर्यंत रंगमंच तयार होतो. जेवणानंतर पूर्ण नाटक करू नका. फक्त जोड तपासा: दिवा बदलतो, आवाज येतो, कुणी आत येतं किंवा बाहेर जातं, सामान हलतं, त्या त्या जागेच्या आधीचं एक वाक्य आणि नंतरचं एक वाक्य. मधले संवाद गाळायचे. दोन अंकांना दीड-दोन तास लागतात. पाच-साडेपाचला थांबा आणि नटांना आडवं होऊ द्या. शुभारंभाच्या दुपारी दमवणारी रंगीत तालीम घेणं हा मोठा अपराध आहे. ती दोन-तीन दिवस आधी, दुसऱ्या कुठल्याही हॉलमध्ये, संपूर्ण वेशभूषेत घ्या.

क्यू म्हणजे दिवा, आवाज, सामान नेमकं कधी बदलायचं त्याची खूण. क्यूंची वही एकाच माणसाकडे असावी आणि सूचना त्याच्याच तोंडून जाव्यात. संहितेची प्रत, प्रत्येक पानासमोर कोरं पान, त्यावर क्यूचा क्रमांक. "आई निघते म्हणाली की दिवे उतरव" एवढं लिहून भागत नाही. पहिल्या प्रयोगात नट वाक्य बदलतात, एखाद वेळी अर्धं पान गाळतात. म्हणून शब्दाबरोबर कृतीही लिहा: "'निघते मी', पिशवी खांद्याला, उंबरठ्याबाहेर दुसरं पाऊल." शब्द चुकला तरी पाऊल चुकत नाही. आणि दिवे-आवाज चालवणाऱ्या ऑपरेटरला अर्धं पान आधी "तयार राहा" आणि नेमक्या क्षणी एकच ठरलेला शब्द, दुसरं काही नाही. प्रयोग चालू असताना इंटरकॉमच्या त्या तारेवर गप्पा, कौतुक, चुकचुकणं बंद.

आता त्या एकाच नव्या गोष्टीकडे, प्रेक्षकाकडे. तालमीत विनोद चाळीस वेळा ऐकून कुणी हसेनासं होतं आणि नट त्या शांततेचीच सवय करून घेतात. मग पहिल्या प्रयोगाला हशा आला की त्यांचं पुढचं वाक्य त्यात बुडतं. पाचेक दिवस आधी नाटकाशी काडीचा संबंध नसलेली पंधरा माणसं तालमीला बोलवा. नातेवाईक नकोत. शेजारच्या सोसायटीतले आजोबा, बँकेतले कर्मचारी, कॉलेजची मुलं. ते कुठे हसतात ते वहीत टिपा. नटांना एवढंच सांगा की हशा चढतो, टोकाला जातो आणि ओसरतो. तो ओसरायला लागला की वाक्य टाकायचं. पूर्ण संपेपर्यंत थांबलात तर लय पडते, चढत असताना बोललात तर वाक्य जातं. आणि जिथे हमखास हशा येईल वाटलं होतं तिथे आला नाही, तर वाट बघत उभं राहायचं नाही. प्रेक्षक नसल्यासारखं पुढे जायचं.

एक गोष्ट जड मनाने करावी लागेल: जे बसलं नाही ते काढा. शेवटच्या आठवड्यात नवं घालायचं नाही, काढायला मात्र हरकत नाही. यात कमीपणा मानू नका. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला तो सातपैकी पहिल्या चारच अंकांचा. दोन वर्षांनी 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आलं तेही आधी तीन अंकांचं. ज्या नाटकांपासून आपण संगीत रंगभूमीचा काळ मोजतो, त्यांच्या कर्त्याने तयार झालं तेवढं लोकांसमोर ठेवलं आणि उरलेलं नंतर बसवलं. तुमच्या दुसऱ्या अंकातला एखादा प्रवेश अजून रडतखडत होत असेल, तर लेखकाला विश्वासात घेऊन तो चार ओळींवर आणा.

लेखकावरून आठवलं. लेखी परवानगी आणि मानधनाचं पत्र हातात आहे ना? संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाऊन प्रमाणपत्र आलं आहे ना? नसेल तर हे उत्तर इथेच बाजूला ठेवा आणि आधी त्याच्या मागे लागा. प्रमाणपत्राच्या दोन प्रती प्रयोगाच्या दिवशी जवळ असू द्या.

कुणी आजारी पडलं तर? १२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांचं तान्हं मूल गेलं आणि तरीही ते उभे राहिले, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मलाही ऐकताना दर वेळी गलबलून येतं. पण ती सांगून कुणावर दडपण आणू नका. असं उभं राहणं ज्याचं त्याने ठरवायचं असतं, संस्थेने मागायचं नसतं. तुम्ही एवढं करा: नऊ भूमिकांपैकी निदान चारपाच छोट्या भूमिका आणखी कुणाला तरी पाठ असू द्या. प्रॉम्प्टर, संगीत वाजवणारा, दिग्दर्शक, सगळे उपयोगी पडतात. मोठ्या भूमिकेतल्या नटाचं काही झालं तर प्रयोग पुढे ढकला. तिकिटाचे पैसे परत देता येतात.

शुभारंभ म्हटलं की दीपप्रज्वलन, पाहुणे, सत्कार आलेच. गावातल्या ज्या माणसांनी मदत केली त्यांचा मान ठेवायलाच हवा. पण हे सगळं प्रयोगानंतर ठेवा, तेव्हा प्रेक्षकही खूश असतो आणि पाहुण्यांना बोलायला विषयही मिळतो. आधीच करायचं असेल तर पडद्यापुढे, दहा मिनिटांत. मध्यंतरात भाषण कधीही नको. पंधरा मिनिटांचं मध्यंतर पस्तीस मिनिटांचं होतं, रंगपटात नटांचा मेकअप घामाने उतरतो, आणि पहिल्या अंकात मेहनतीने बांधलेलं सगळं सुटून जातं. पाहुण्यांना हे आधी घरी जाऊन सांगा. समजावून सांगितलं तर ते ऐकतात.

नारळ वाढवाल तो बाहेर दगडावर वाढवा. रंगमंचाच्या लाकडी फळ्यांवर नारळाचं पाणी सांडलं की ती जागा तासभर निसरडी राहते. नटराजाची पूजा साडेसातला उरकून घ्या, सगळे एकत्र असताना, कपडे करण्याआधी. त्यानंतर रंगपटात बाहेरचं कुणी नको, संस्थेचे अध्यक्षसुद्धा.

तिसरी घंटा ज्याच्या हाती क्यूंची वही आहे त्यानेच द्यायची. त्याआधी त्याने स्वतः फिरून प्रत्येक नट आपल्या विंगेत उभा आहे, पहिल्या प्रवेशाचं सामान जागेवर आहे, बॅटऱ्या चालू आहेत, हे डोळ्यांनी पाहायचं. "हो, सगळे तयार" असं कुणी सांगितलेलं धरायचं नाही. बुकिंगच्या खिडकीवर रांग असेल तर पाच-सात मिनिटं थांबा, पण नटांना तसं कळवा. अंधारात उभ्या असलेल्या नटाला ती पाच मिनिटं फार जड जातात.

आणि प्रयोग चालू झाला की दिग्दर्शकाने विंगेत यायचं नाही. शेवटच्या रांगेत बसून टिपणं काढावीत. ती टिपणं त्या रात्री कुणालाही द्यायची नाहीत. रात्री फक्त जेवण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगा.

शेवटचं, दुसऱ्या प्रयोगाचं. शुभारंभाला भीतीने सगळे टोकदार असतात. दुसऱ्याला "झालं एकदा" म्हणून सैलावतात आणि प्रयोग पडतो. मधे पंधरा दिवसांची फट असेल तर किमान दोन पूर्ण तालमी लावा, तारखा आत्ताच ठरवा. पहिल्या प्रयोगात प्रत्येक अंक किती मिनिटं चालला ते लिहून ठेवा. दुसऱ्या प्रयोगात पहिला अंक तीन-चार मिनिटांनी लांबला तर कुठे सैलावलात ते शोधता येईल. सामान आवरताना घाई होते, सगळ्यांना घरी जायचं असतं, आणि नेमके तेव्हाच चष्मे, किल्ल्या, कचेरीतले ते हाताने लिहिलेले कागद हरवतात. एक पत्र्याची ट्रंक घ्या. आत काय काय असायला हवं त्याची क्रमांकवार यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि एकेक वस्तू यादीवर बोट ठेवून मोजल्याशिवाय कुलूप लावू नका.